माझ्या नंबरवरून कोण बोलत होतं

ज्या नंबरवर पालक मला मेसेज पाठवायचे, तो नंबर मी स्वतःच्या हातानं एका यंत्राला देऊन टाकला. कुणी हिसकावून घेतला नाही. लातूरच्या आमच्या क्लासच्या ऑफिसात, एसीखाली बसून, चहा पीत दिला. त्या नंबरबरोबर मी आणखी एक गोष्ट दिली. ती माझी नव्हतीच. ती मला एका मास्तरांनी दिली होती, आणि ती कशी मिळाली हे आधी सांगितलं पाहिजे.

भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. तेरणेच्या काठचं आमचं गाव एका पहाटे दगडमातीचा ढीग झालं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, म्हणून मी मंडळाच्या पोरांबरोबर देवळापुढच्या मोकळ्या जागेत झोपलो होतो. घरात झोपलेले वडील आणि धाकटी बहीण गेले. आईला ढिगाऱ्यातून काढलं, तिचा पाय मोडला होता. पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो. तिथं रोज कुणी ना कुणी यायचं. नावं लिहून घ्यायचं, ब्लँकेट द्यायचं, फोटो काढायचं आणि जायचं. असंच एकदा लातूरच्या शाळेतले एक मास्तर कपडे वाटायला आले. मी एका कोपऱ्यात भिजून सुकलेलं विज्ञानाचं पुस्तक वाचत बसलो होतो. मास्तरांनी ते पुस्तक हातात घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि आईकडं गेले.

"बाई, हा माझ्याकडं राहू द्या. दहावी होईपर्यंत."

आई म्हणाली, "आता एवढंच राहिलंय मला."

"काळजी करू नका," मास्तर म्हणाले. "लेकरू माझं आहे."

लातुरात त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि स्वतःची तीन मुलं होती. मी चौथा झालो. बायकोला त्यांनी विचारलंसुद्धा नसावं, कारण पहिले काही दिवस त्या माझ्या ताटात भाकरी जरा जोरानंच टाकायच्या. पुढं त्याच मला जास्तीचं तूप वाढायला लागल्या. मास्तर अधूनमधून एसटीनं आमच्या शेडवर जायचे. आईला सांगायचे, पोरगा जेवतो, झोपतो, गणितात कच्चा आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी निरोप धाडला नाही. स्वतः गेले आणि काठी टेकत चालणाऱ्या माझ्या आईला हात धरून एसटीत बसवून घेऊन आले. मी डोळे उघडले तर आई उशाशी होती.

'लेकरू माझं आहे' या तीन शब्दांचा अर्थ माझ्यासाठी तेवढा होता. उशाशी आई.

पुढं मी जीवशास्त्र शिकवायला लागलो. तोवर लातूरचं नाव मोठं झालं होतं. मेडिकलच्या प्रवेशासाठी नांदेड, परभणी, हिंगोली, बिदर, कुठून कुठून पोरं यायला लागली. वसतिगृहं, खाणावळी, झेरॉक्सची दुकानं, चौकाचौकात हसऱ्या मुलामुलींचे मोठे फलक. ज्या गल्लीत मास्तरांचं घर होतं तिथं आता पाच मजली अभ्यासिका आहे. ज्या क्लासमध्ये मी शिकवायचो तोही एका हॉलपासून तीन इमारतींपर्यंत वाढला. मी त्यातला पगारी माणूस होतो, पण नाव माझं चालायचं.

जूनमध्ये पोरं यायची. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, पिशवीभर धपाटे. बाप पेटी वर नेऊन ठेवायचा, आई रडायची, पोरगं लाजायचं. सगळं झाल्यावरही ती माणसं जायची नाहीत. गेटपाशी घुटमळत राहायची. पहिल्या वर्षी मला कळलंच नाही ते कशासाठी थांबलेत. मग एका म्हाताऱ्यानं नातीला माझ्यापुढं उभं केलं आणि म्हणाला, "सर, हे आता तुमचं." आणि तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माझ्या तोंडून आपोआप आलं, "काळजी करू नका. लेकरू माझं आहे." म्हाताऱ्यानं हात जोडले आणि शांतपणे एसटी स्टँडकडं चालू लागला.

त्यानंतर ती रीतच झाली. सरांनी ते म्हटल्याशिवाय आईबाप गेट सोडायचे नाहीत. आधीच्या मुलांचे पालक नव्या पालकांना सांगायचे, "सर म्हणतात की, लेकरू माझं आहे. ऐकून घ्या अन् मगच निघा." सुरुवातीला मी ते खरंच म्हणायचो. पोरगं आजारी पडलं तर मी वसतिगृहावर जायचो. कुणी जेवेना झालं की घरी घेऊन यायचो, बायकोच्या हातचं पिठलं खाऊ घालायचो. मग पोरं वाढली. एका रांगेत उभ्या असलेल्या आईबापांना मी तेच वाक्य म्हणत पुढं सरकायला लागलो, लग्नात वऱ्हाडाला अक्षता वाटाव्यात तसा. चेहरे लक्षात राहीनासे झाले. वाक्य तेवढं पाठ राहिलं.

माझा नंबर मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो. मराठवाड्यातल्या किती फोनमध्ये तो "बायोलॉजी सर" म्हणून असेल, देव जाणे. दिवसभर फोन वाजायचा. महामारीनंतर मेसेजचा पूर आला. पेपर कधी, सुट्टी कधी, मार्क किती, मेसमध्ये भाजीत मीठ का नाही. मी वैतागलो होतो, हे खरं आहे.

तेव्हा आमच्या संचालकांनी पुण्याहून एका इंजिनिअर मुलाला बोलावलं. तो मेसेजच्या ॲपवर बॉट बसवून देणार होता. बॉट म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारं यंत्र. मुलगा हुशार होता आणि प्रामाणिक होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही.

"सर, हा काय करू शकतो ते आधी सांगतो," तो म्हणाला. "हजेरी पाठवेल, मार्क पाठवेल, वेळापत्रक देईल. एक दाबा, दोन दाबा, असं विचारेल. कितीही लोकांना एकाच वेळी, एका क्षणात. थकणार नाही, चिडणार नाही."

"आणि काय नाही करू शकत?" मी विचारलं.

"टाइप केलेलंच समजतं त्याला, तेही ठरावीक. व्हॉइस मेसेज समजणार नाही. फोटो समजणार नाही. नंबरवर कॉल आला तर उचलणार नाही. जे समजत नाही ते सगळं कॉम्प्युटरवर 'इतर' नावाच्या रकान्यात जाऊन पडेल. तिथं रोज माणसानं बघायला पाहिजे."

संचालक माझ्याकडं बघून म्हणाले, "सर बघतील की."

मी म्हणालो, "बघतो की."

मग प्रश्न आला नंबरचा. नवा नंबर घेतला तर गावोगावच्या पालकांना कळवायचं कसं? संचालकच म्हणाले, "सर, तुमचाच देऊन टाका. सगळ्यांकडं आहे. तुम्ही नवा घ्या." मला तर सुटका झाल्यासारखंच वाटलं. नंबरबरोबर माझा फोटोही तसाच राहिला. निळा शर्ट, कपाळाला गंध.

आता खरं सांगायचं तर इथं मी थांबायला हवं होतं. आमचे पालक कसे आहेत हे त्या पुण्याच्या मुलाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मुखेडची, शिरूर अनंतपाळची, इस्लापूरची माणसं टाइप करत नाहीत. ती बोलतात. फोन तोंडासमोर आडवा धरतात, बटण दाबतात आणि बोलतात. महत्त्वाचं काही असेल तर बोलूनच सांगतात. म्हणजे आमच्याकडं जे जे महत्त्वाचं ते सगळं 'इतर'मध्येच पडणार होतं. हे मला त्याच क्षणी दिसायला हवं होतं. कदाचित दिसलंही होतं.

पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. एक आजोबा रोज सकाळी गुलाबाचा फोटो आणि सुविचार पाठवायचे. बॉट त्यांना रोज उत्तर द्यायचा, "क्षमस्व, मला समजले नाही. कृपया योग्य पर्याय निवडा." आजोबा चिडून क्लासवर आले.

"सर, न समजायला काय झालं हो? राम राम घातला तुमाला. त्याला कंचा पर्याय लागतोय?"

दुसरा एक बाप म्हणाला, "मी इतकं सगळं बोललो अन् सर म्हणतात समजलं न्हाई. मराठीतच बोललो की, का तेलगूत बोललो?"

पालक दुखावले. सर गर्विष्ठ झाले, अशी कुजबुज सुरू झाली. मला ते लागलं. मी पुण्याच्या मुलाला फोन केला. म्हणालो, "ते 'समजलं नाही' काढून टाक. मी सांगतो ते घाल." आणि मी त्याला वाक्य सांगितलं: "संदेश मिळाला. काळजी करू नका, लेकरू माझं आहे."

तो म्हणाला, "सर, हे धोक्याचं होईल. त्याला नाही समजलं तर नाही समजलं म्हणू द्या. माणसाला कळतं मग की दुसरीकडं विचारावं."

"तुला आमची माणसं माहीत नाहीत," मी म्हणालो.

यंत्र खरं बोलत होतं. त्याला खोटं बोलायला मी शिकवलं.

त्यानंतर माझा जो मान वाढला तो काय सांगू. पालक भेटले की म्हणायचे, "सर, कमाल हाय तुमची. पाठवलं की टुण्णकन् उत्तर." एका लग्नात एका पाहुण्यानं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचे सर पहाटं पण उत्तर देऊन राहिलेत. झोपतात का न्हाई कुणास ठाऊक." कुणी म्हणायचं, मोठमोठ्या शहरातल्या क्लासवाल्यांनी असं कधी केलं नाही. एका बाईनं ज्वारीच्या पापडांचा डबा पाठवला, माझ्या मायेबद्दल. मी तो डबा घेतला. पापड खाल्ले. कुणालाही सांगितलं नाही की ते मी नव्हतो. मान खाली घालून हसायचो, नम्र माणूस हसतो तसा.

'इतर' मी सुरुवातीला उघडत होतो. मग एक दिवसाआड. मग परीक्षेचे दिवस आले आणि राहूनच गेलं. ऐकायला वेळ लागतो. वाचलेलं डोळ्याखालून काढता येतं, ऐकायचं म्हटलं की शेवटपर्यंत थांबावं लागतं.

आणखी एक नियम माझाच होता. पालक लग्नाला, जत्रेला, वास्तुशांतीला पोरांना बोलावून न्यायचे आणि अभ्यास बुडायचा. म्हणून मी वसतिगृहाच्या रेक्टरांना सांगून ठेवलं होतं की माझ्या परवानगीशिवाय कुणालाही घरी सोडायचं नाही. घरचा काही निरोप आला तरी परस्पर पोरांना द्यायचा नाही. त्यांचे फोन तर जमा केलेलेच असत.

त्या वर्षी मुखेडची एक मुलगी होती. दुसऱ्यांदा परीक्षा देणारी. तिचा बाप मुखेड ते नांदेड जीप चालवायचा. जूनमध्ये तो आपल्याच जीपमधून तिला सोडायला आला होता. मला आठवतो, कारण त्यानं पेटी उतरवून घेताना आमच्या वॉचमनलाच दम दिला होता, "हळू धर बाबा, आत डॉक्टर हाय." गेटवर त्यानं माझं वाक्य ऐकलं आणि हसून म्हणाला, "बघा हं सर, पोरीची शीट रिझर्व करून राहिलो तुमच्याकडं." मी हसलो आणि पुढच्या पालकाकडं वळलो.

परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी मी ऑफिसात बसलो असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती, डोळे सुजलेले. म्हणाला, "मी पोरीचा काका, मुखेडचा." पोरीचं नाव सांगितलं तेव्हा मी ओळखलं. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, आता तरी पाठवता ना तिला?"

मला कळेना. मी विचारलं, "का, काय झालं?"

"भाऊ गेला ना पहाटं. नांदेडच्या दवाखान्यात." त्यानं खिशातून फोन काढला. "वहिनीनं तुमाला सगळं कळवलंच होतं. तुमचं बी बरोबर हाय सर. पेपर तोंडावर हाय. तुमी विचार करूनच ठेवून घेतलं असंल. आमी कुणी तुमाला बोल लावत न्हाई."

त्यानं फोन पुढं केला. तो वहिनीचा फोन होता. पडद्यावर माझा फोटो होता, निळा शर्ट. त्याखाली व्हॉइस मेसेजची रांग. प्रत्येक मेसेजखाली एकच उत्तर. संदेश मिळाला. काळजी करू नका, लेकरू माझं आहे. संदेश मिळाला. काळजी करू नका, लेकरू माझं आहे.

मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. ते न सांगता मी वर्गात गेलो आणि मुलीला बाहेर बोलावलं. काका म्हणाले, "आजोबांना बरं न्हाई, चल." तिनं माझ्याकडं बघितलं. "सर, उद्याची टेस्ट?" मी म्हणालो, "नंतर देशील." ती जाऊन वही आणि स्वेटर घेऊन आली. गेटबाहेर बापाचीच जीप उभी होती, पण चालवायला दुसरा कुणी होता. ते बघून तिचे पाय जागीच थांबले. काकांनी तिला धरून आत बसवलं.

मी संचालकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "वाईट झालं. पण एका अर्थी बरंच आहे की त्यांनी समजून घेतलं. परीक्षेसाठी सरांनी ठेवून घेतली, यात गैर काय? तुम्ही आता वेगळं काही सांगत बसू नका. क्लासचं नाव आहे, तुमचं नाव आहे."

"ते वाक्य तरी काढा बॉटमधून," मी म्हणालो.

"परीक्षा होऊ द्या. आत्ता हात लावला तर सगळंच बंद पडायचं."

मी कॉम्प्युटरवर 'इतर' उघडलं आणि तिच्या आईचे मेसेज ऐकले.

"सर, मुखेडहून बोलते, जीपवाल्याची. नांदेडला दवाखान्यात हाव आमी. पोरीच्या बाबाला कावीळ झालती, गावठी औषध चालू होतं. आता लई वाढली म्हणतात डॉक्टर. तुमी पोरीला पाठवून द्या, सर. बाबाचं सांगू नका, एकटी बसमधी घाबरंल. आजोबाला बरं न्हाई म्हणा."

पुढचा. "सर, पाठवली का? कंच्या गाडीनं येईल? दीर स्टँडावर थांबून राहिलेत."

त्यापुढं, "तुमच्या रेक्टरला फोन केलता. ते म्हणले सरांना मेसेज टाका. मी म्हणलं टाकलाय, उत्तर बी आलंय. काय म्हणले, म्हणून इचारलं. मी म्हणलं, काळजी करू नका म्हणले. मग झालं की, म्हणले."

एकात ती रडत होती आणि मधेच डोळे पुसून म्हणत होती, "पेपर असंल तर पेपर झाल्यावर पाठवा, सर. तुमाला कळतंय, आमाला काय कळतंय. पण ते सारखं इचारून राहिलेत."

मधे रविवार येऊन गेला होता. रविवारी बॉटनं ठरल्याप्रमाणे मार्क पाठवले होते. जीवशास्त्रात ती वर्गात पहिली आली होती. त्याखाली एक मेसेज बापाच्या आवाजातला होता. आवाज ओळखू येत नव्हता. "राम राम, सर. मार्क बघितले. लई भारी. तुमच्याकडं हाय ती, म्हणून निवांत हाय मी." मग नुसता श्वास, खाटेचा आवाज, आणि कुणीतरी फोन काढून घेतल्याचा आवाज.

त्याखाली उत्तर होतं. संदेश मिळाला. काळजी करू नका, लेकरू माझं आहे.

'इतर'मध्ये दुसऱ्याही पालकांचे मेसेज होते. माझ्या मुलाला चष्मा लागलाय का बघा. पोरगी सुट्टीत घरी नीट बोलत नव्हती. सगळ्यांना तेच उत्तर गेलं होतं आणि सगळे निर्धास्त होते. मी एकेकाला माझ्या नव्या नंबरवरून फोन लावत गेलो. बहुतेकांनी उचललाच नाही. अनोळखी नंबर होता.

मग मी आईकडं गेलो. पुनर्वसनात मिळालेल्या घरात ती अजून एकटी राहते, मोडलेला पाय लांब करून ओट्यावर बसते. तिला मी सगळं सांगितलं. तिला बॉट काय ते कळलं नाही. मी म्हणालो, माझ्या नावानं दुसरंच कुणीतरी उत्तर देत होतं. ती म्हणाली, "तुला टायफाइड झाला तवा मास्तर आलते. चपला हातात घेऊन, चिखलातून. ह्या लेकीच्या वेळंला तू कुठं गेलतास?"

मी म्हणालो, "मी लातुरातच होतो."

"मग आता तरी जा."

दहावं-तेरावं झाल्यावर मी मुखेडला गेलो. बाजाराचा वार होता, स्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. घर विचारायला लागलं नाही, कारण दारासमोर ती जीप उभी होती, तिच्यावर कापड टाकलेलं. आईनं मला बघून पदर सावरला आणि लगबगीनं आतून खुर्ची आणली. "सर, तुमी कशाला एवढ्या लांब आलाव?" मुलगी चौकटीला टेकून उभी होती. तिनं नमस्कार केला नाही.

आईच बोलायला लागली. "ह्ये पोरगी तुमच्यावर राग धरून बसलीय. मी तिला समजावून सांगून राहिले, सरांनी तुझ्या भल्यासाठीच ठेवून घेतलं. तिचे बाबा बी तसंच म्हणले. म्हणले, सरांनी ऐकलंय, सर बघतील. मी त्यांना तुमचा मेसेज दाखवायची. तो बघितला की जरा डोळे मिटायचे."

मुलगी म्हणाली, "सर, एकच विचारू? त्या सोमवारी तुम्ही मला वर्गात उभं केलं होतं. पहिली आली म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

आई म्हणाली, "अगं, असं सरांना—"

"मला ऐकू दे, मम्मी. माहीत होतं?"

मी 'हो' म्हणालो असतो तर त्या बाईचं सगळं जागेवर राहिलं असतं. सरांनी ऐकलं, सरांनी ठरवलं, नवरा विश्वासानं गेला. संचालकांना तेच हवं होतं. आणि माझंही नाव राहिलं असतं, कठोर पण लेकरांचं भलं बघणारा म्हणून. पण समोर ही मुलगी होती, जिला मग आयुष्यभर वाटणार होतं की बाप मरत असताना ज्यानं टाळ्या वाजवायला लावल्या त्याला सगळं माहीत होतं.

मी म्हणालो, "नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं. तो नंबर आता माझ्याकडं नाही. त्यावर यंत्र उत्तर देतं."

आईला उमगायला वेळ लागला. "पर उत्तर तर येत होतं."

"यंत्र देत होतं."

"मग लेकरू माझं हाय म्हणून कोण म्हणलं?"

"ते मी लिहून दिलं होतं. कुणी काहीही पाठवलं, त्याला समजलं नाही, की तेच जायचं."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं." मग स्वतःशीच, "मी त्यांना सांगितलं सरांनी ऐकलं म्हणून."

मुलीनं कोनाड्यातला फोन उचलला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोन तोंडासमोर आडवा धरला आणि बटण दाबून म्हणाली, "सर, बाबा गेले."

माझे हात गुडघ्यावर होते, रिकामे. फोन टुण्णकन् वाजला. तिनं पडदा माझ्याकडं वळवला. निळा शर्ट, कपाळाला गंध.

संदेश मिळाला. काळजी करू नका, लेकरू माझं आहे.

"बंद कर ते," आई म्हणाली. मग ती आत गेली. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. अशा वेळीसुद्धा ती चहा टाकत होती. मुलगी तिथंच उभी होती. मी म्हणालो, "तू परीक्षा दे. मी रोज येऊन शिकवीन, इथं येऊन." तिनं त्या वर्षी परीक्षा दिली नाही, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मी तोवर क्लास सोडला होता. सोडल्यानं कुणाचं काही भलं झालं असेल तर माझंच झालं. आता नांदेडच्या एका कॉलेजात शिकवतो. माझा नंबर फळ्यावर लिहीत नाही.

चहा मी घेतला. निघताना आईनं विचारलं, "मग सर, तुमचा खरा नंबर कंचा?"

मी सांगायला लागलो. ती मुलीला म्हणाली, "घे गं लिहून." मुलीनं आकडे घातले आणि विचारलं, "काय नावानं ठेवू?"

आई माझ्याकडं बघायला लागली. तशीच, गेटवरची माणसं माझ्या तोंडाकडं बघायची तशी. मी काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती. माझ्याकडं म्हणायला एकच वाक्य होतं आणि ते मी म्हणू शकत नव्हतो.

"राहू दे," ती मुलीला म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.